यकृताला वळसा घालणारी शीर

बाईंच्या कुत्रीला सुई देऊन मोकळं करा, असं ज्याने सांगितलं तो आमच्या भागातला सगळ्यात जास्त चालणारा जनावरांचा डॉक्टर होता. त्याच्याकडे विरारपासून वसईपर्यंतची माणसं यायची. त्याने कुत्रीला टेबलावर घेतलंसुद्धा नाही. तोंडातून लाळ गळतेय आणि तोल जातोय एवढं लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, "पिसाळलेली असू शकते. घरात ठेवू नका."

हे बाईंनी मला सांगितलं तेव्हा त्या माझ्या सोनोग्राफी सेंटरच्या बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मांडीवर टोपली होती, फुलं बाजारात नेतात तसली, आणि टोपलीत एक पांढरी पामेरियन कुत्री झोपली होती. शेजारी पोटं सांभाळत बसलेल्या बायका त्यांच्यापासून सरकून बसल्या होत्या.

बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. वसईच्या पश्चिमेला, चर्चच्या मागच्या गावात त्यांची वाडी होती. केळी, मोगरा, थोडी पानवेल. यजमान गेले होते, मुलगा आणि मुलगी परदेशी. पुतण्याने सोबत म्हणून ही कुत्री आणून दिली होती. बाई तिला 'बाय' म्हणायच्या, घरातल्या मुलीला म्हणतात तसं, आणि तिच्याशी त्यांच्या गावच्या बोलीत बोलायच्या. आम्हा विद्यार्थ्यांशी मात्र कायम पुस्तकातलं मराठी. परीक्षेत 'शास्त्रीय कारणे द्या' हा प्रश्न त्या इतका कडक तपासायच्या की अर्धा वर्ग तिथेच गळायचा.

"हिला वर्षाच्या वर झालं," बाई म्हणाल्या. "पण वाढतच नाही. पिल्लाएवढीच आहे. आणि जेवली की हिचं काहीतरी होतं."

काय होतं ते त्यांनी नीट सांगितलं. मासळी किंवा अंडं खाल्लं की थोड्या वेळाने तिची नजर हरवायची. लाळ गळायची. गोल गोल फिरायची, आणि मग घराच्या एखाद्या कोपऱ्यात जाऊन कपाळ भिंतीला टेकवून उभी राहायची. ढकलत राहायची भिंत. हाक मारली तरी वळायची नाही. काही तासांनी सगळं निवळायचं आणि ती शेपटी हलवत पाणी प्यायला जायची. पाणी खूप प्यायची. असं सहा-सात महिने चाललं होतं. आधी त्याच डॉक्टरने फिट्सच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी ती दिवसभर पडून राहायला लागली, म्हणून बाई तिला पुन्हा घेऊन गेल्या, तर हे उत्तर. त्याने तोंडाने सांगितलं ते सकाळच्या पाववाल्याबरोबर गावात घरोघर पोचलं. शेजारच्या दोन घरांतली माणसं बाईंच्या ओटीवर येऊन सांगून गेली की तुम्ही नाही मारलं तर आम्ही मारू.

मी माणसांची डॉक्टर. कुत्र्यांचं मला काही कळत नव्हतं. पण पिसाळलेला कुत्रा सात महिने जगतो का, आणि मधल्या वेळात बरा होऊन पाणी पितो का, एवढं कळायला जनावरांच्या कॉलेजात जावं लागत नाही. माझ्या डोक्यात तेव्हा जो राग गेला तो मला आठवतो. कानशिलं तापली होती. यादीतली पुढची पेशंट समोर येऊन उभी होती आणि मी तिला नीट नमस्कारसुद्धा केला नाही.

"बाई, तुम्ही माझ्याकडे का आलात?" मी विचारलं.

"मला पाठवलंय," त्या म्हणाल्या.

पाठवलं होतं नालासोपाऱ्यातल्या एका तरुण पशुवैद्य मुलीने. मी मुलगी म्हणते, कारण तेव्हा ती सव्वीस-सत्तावीसची असेल. कॉलेजातून बाहेर पडून तिने एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात नुकताच दवाखाना उघडला होता. तिच्याकडे कुणी फारसं येत नसे, कारण लोकांना जनावराचा डॉक्टर म्हणून पुरुष लागायचा. बाई तिच्याकडे गेल्या त्या फक्त सुई द्यायची वेळ आलीच तर ती हळुवार हातांनी द्यावी म्हणून. तिने सुई दिली नाही. कुत्रीचं पोट तपासलं, लघवी बशीत धरली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली.

त्याच दिवशी दुपारी ती मला भेटायला आली. उंच, बारीक, बोलताना हात चालवणारी. तिने मला सांगितलं की लघवीत तिला पिवळे-तपकिरी खडे दिसले, बारीक काटे असलेले, धोत्र्याच्या फळासारखे. ते रक्तात अमोनिया साठला की येतात.

"मॅडम, मला वाटतं हिला जन्मापासून एक जादा शीर आहे," ती म्हणाली. "आतड्यांतलं रक्त यकृतात जायला पाहिजे, ते यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जातंय. म्हणून मासळी खाल्ली की विष मेंदूत चढतं. पण हे मी नुसतं वाटतं म्हणून कसं सांगू? कुणी बघायला तर पाहिजे. मुंबईत कॉलेजला मशीन आहे, पण तिथे नंबर लागेपर्यंत गावातले लोक हिला ठेवणार नाहीत. इथे जनावरांसाठी मशीन कुणाकडे नाही. तुमच्याकडे रंगीत डॉप्लर आहे असं ऐकलं."

रंगीत डॉप्लर होतं. नवीनच आलं होतं. आमच्या भागात तेव्हा ते अप्रूपच होतं. रक्त प्रोबच्या दिशेने येतं की दूर जातं हे लाल-निळ्या रंगात दिसायचं. पण ते माझ्या एकटीचं नव्हतं. सेंटर माझं आणि एका वरिष्ठ फिजिशियनचं, भागीदारीत. त्यांना विचारलं तर ते नाही म्हणतील हे मला माहीत होतं, म्हणून मी विचारलं नाही. रविवारी दुपारी सेंटर बंद असतं. मी बाईंना आणि त्या मुलीला रविवारी यायला सांगितलं.

त्या पहिल्या रविवारी मला काहीही सापडलं नाही.

पशुवैद्य मुलीने कुत्रीच्या उजव्या कुशीवरचे केस काढले. केस काढल्यावर ती इतकीशी दिसली की बाईंनी तोंड फिरवलं. मी थायरॉइड बघायचा छोटा प्रोब घेतला. माणसाचं यकृत मला झोपेतही सापडलं असतं, पण हे यकृत फासळ्यांच्या आत, पार वर सरकलेलं, आणि आकाराने एवढंसं. आतड्यांतल्या हवेने पडदा पांढरा व्हायचा. कुत्री धापा टाकत होती, प्रत्येक धापेबरोबर चित्र हलायचं. मूत्रपिंडं मोठी दिसली, मूत्राशयात वाळूसारखं काहीतरी दिसलं. पण ती शीर कुठे शोधायची हेच मला ठाऊक नव्हतं. माणसात अशी शीर मी कधी पाहिली नव्हती. शेवटी मी प्रोब खाली ठेवला.

"काही नाही का?" बाईंनी विचारलं.

"काही नाही असं नाही. मला दिसलं नाही," मी म्हणाले.

पशुवैद्य मुलगी म्हणाली, "मी आमच्या कॉलेजच्या लायब्ररीतून पुस्तकाची पानं आणते. परत करूया." तोपर्यंत तिने कुत्रीची मासळी, अंडी, फिट्सच्या गोळ्या सगळं बंद केलं. भात, थोडं मुगाचं वरण, दही, आणि माणसांना बद्धकोष्ठावर देतात ते गोड औषध. बाई ते चमच्याने पाजायच्या.

सोमवारी सकाळी माझ्या भागीदाराने मला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलाच्या खाचेत पांढरे केस सापडले होते. नीट पुसलं नव्हतं ही चूक होतीच. पण त्यांच्यासमोर आणखी एक माणूस बसला होता. त्याला मी ओळखलं. महिनाभरापूर्वी तो त्याच्या सुनेला घेऊन आला होता. तिला आधीच्या दोन मुली. सोनोग्राफी झाल्यावर त्याने तिला बाहेर पाठवलं, दार लोटून घेतलं आणि मला म्हणाला होता, "तुम्ही तोंडाने काही बोलू नका. मुलगा असेल तर फक्त मान हलवा." मी त्याला बाहेर काढलं होतं. कायदा तेव्हाही होता. पण कायदा भिंतीवरच्या पाटीत होता आणि असे सासरे, असे नवरे आठवड्याला तीन-चार यायचे. मी नाही म्हटलं की ते नाराज होऊन दुसरीकडे जायचे. कुठे जायचे ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीच काही करत नव्हतं.

आता तोच माणूस माझ्याकडे बोट करत म्हणाला, "जिथे आमच्या घरची सून झोपते तिथे ह्यांनी कुत्रं झोपवलं. हे असलं घाण काम चालतं का दवाखान्यात?"

कुठून कळलं होतं कोण जाणे. रविवारी समोरच्या पानवाल्याने टोपली आत जाताना पाहिली असणार.

भागीदार म्हणाले, "डॉक्टर, हे बरोबर आहे का? उद्या लोक म्हशी घेऊन येतील."

मग मी त्या माणसाला विचारलं, "तुमची सून कशी आहे?"

तो भागीदारांकडे बघायला लागला.

"परत आली नाही माझ्याकडे. पाचवा महिना लागला असेल ना आता? कशी आहे?"

"ते तुम्हाला काय करायचंय?" तो म्हणाला.

त्यावरून मला जे समजायचं ते समजलं. माझा आवाज चढला. मी म्हणाले की ह्या टेबलावर कुत्रं झोपलं तर टेबल विटाळतं आणि पोरीचा जीव घ्यायचा म्हणून तिच्या आईला झोपवलं तर पवित्र राहतं, हे शास्त्र तुम्ही कुठे शिकलात. म्हणाले की जनावराचा जीव वाचवायला मशीन वापरलं तर घाण काम होतं आणि तुम्ही जे मागायला आला होता ते काम स्वच्छ होतं. आणखीही बरंच बोलले. बाहेर बसलेल्या पेशंटनी ऐकलं असणार. तो उठून गेला. भागीदार माझ्याकडे न बघता कागदं सरळ करत बसले.

"तुम्ही फार बोललात," ते म्हणाले.

"कमी बोलले," मी म्हणाले. "आणि येत्या रविवारी मी तिला परत घेणार आहे. टेबल मी स्वतः पुसेन. चोरून नाही करणार, शटर उघडं ठेवून करेन."

ते दिवस मी धुमसत काढले. घरी कुणाशी नीट बोलले नाही. पशुवैद्य मुलीने आणलेल्या झेरॉक्स पानांवर मी शाळेतल्या पोरीसारखी रोज बसायचे. त्यात एक सोपी गोष्ट होती, जी मला आधी कुणी सांगितली असती तर पहिला रविवार फुकट गेला नसता. खालून, पोटाकडून बघायचं नाही. कुत्र्याला डाव्या कुशीवर निजवून, उजव्या बाजूच्या शेवटच्या फासळ्यांच्या मधून आडवं बघायचं. तिथे तीन गोल एकत्र दिसतात. महाधमनी, महाशीर, आणि आतड्यांकडून यकृताला जाणारी पोर्टल शीर. निरोगी कुत्र्यात तिन्ही साधारण एकाच मापाचे असतात.

दुसऱ्या रविवारी मी शटर पूर्ण वर केलं. पशुवैद्य मुलीने कुत्रीला धरलं. पथ्यामुळे तिला त्या आठवड्यात एकदाही झटका आला नव्हता, ती शांत पडून होती. बाई तिच्या डोक्याशी उभ्या राहून तिच्याशी हळू आवाजात बोलत होत्या. मी फासळ्यांमधून प्रोब लावला आणि श्वास धरून पाहिलं.

तीन गोल दिसले. दोन मोठे आणि एक छोटासा. यकृताकडे जाणारी शीर महाधमनीच्या निम्मीही नव्हती. यकृत उपाशी होतं. मी रंग चालू केला आणि महाशिरेच्या कडेने मागे मागे सरकत गेले. उजव्या मूत्रपिंडाच्या जरा पुढे, जिथे महाशिरेत सलग निळा रंग दिसायला हवा होता, तिथे एकदम लाल, पिवळा, हिरवा असा रंगांचा गोंधळ दिसला. बाजूने काहीतरी जोरात येऊन मिळत होतं. प्रोब जरा तिरका केला आणि ती दिसली. नागमोडी, जाड, जिथे असायला नको तिथे असलेली शीर. आतड्यांतलं सगळं रक्त घेऊन ती यकृताच्या दारावरून पुढे निघून जात होती.

"हीच," पशुवैद्य मुलगी म्हणाली.

मी चित्र थांबवून बाईंना दाखवलं. हे रक्त इथे यायला हवं, ते इकडून जातंय. बाई चष्मा सारखा करून पुढे वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"पाट फुटलाय," त्या म्हणाल्या. "वाफ्यांना पाणी मिळतच नाही. सगळं बाहेरून खाडीला चाललंय."

"बांधता येईल?" मी विचारलं.

"फुटलेला पाट बांधतातच," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात माझे भागीदार आत आले. रविवारी ते कधीच येत नसत. ते माझ्याशी भांडायला आले होते की बघायला, हे मला आजही सांगता येणार नाही. ते दारात उभे राहिले, मग जवळ आले, आणि पडद्याकडे पाहत राहिले. यकृत निकामी झालेले कितीतरी दारूचे रोगी त्यांनी बेशुद्धीत जाताना पाहिले होते. तोच अमोनिया, तोच मेंदू.

"ही पोर्टल का?" त्यांनी विचारलं.

"ती बारीक आहे ती पोर्टल. ही जादाची."

"जन्मापासून?"

"हो."

त्यांनी मान हलवली. "टेबल फिनेलने नको, स्पिरिटने पुसा," म्हणाले, आणि गेले. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. मला त्यांचा राग आला होता तो त्या दिवशी थोडा उतरला. सगळा नाही.

ऑपरेशन मुंबईत झालं. पशुवैद्य मुलीला शिकवणाऱ्या एका सरांनी केलं. त्यांनी आधी बाईंना स्पष्ट सांगितलं की अशी शीर त्यांनी थोड्याच कुत्र्यांत बांधली आहे आणि त्यातली काही वाचली नाहीत. एकदम पूर्ण आवळली तर उपाशी यकृताला एवढं रक्त झेपत नाही, आतडी काळीनिळी पडतात. म्हणून आतड्यांचा रंग बघत बघत दोरा आवळायचा आणि रंग बदलायला लागला की थांबायचं. मी त्या शिरेची जागा मापासकट काढून दिली होती, आणि ती तिथेच सापडली. पशुवैद्य मुलगी आत उभी होती. तिने मला फोनवर सांगितलं, "मॅडम, सरांनी पोट उघडलं आणि थेट तिथेच हात घातला. शोधावंच लागलं नाही." माझ्या धंद्यात एवढं समाधान क्वचित मिळतं. कुत्री वाचली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण बाईंनी, त्या बाईच असल्यामुळे, कारण शोधायला सुरुवात केली. ही शीर जन्मापासून असते, आईबापांकडून येऊ शकते, असं पशुवैद्य मुलीने सांगितल्यावर त्यांना राहवेना. पुतण्याने कुत्री जिथून आणली तो माणूस चंदनसारला राहायचा. आम्ही तिघी रिक्षाने गेलो. घराच्या मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये एकावर एक पिंजरे. वास दारापासून येत होता. पिंजऱ्यांत तेव्हा सगळ्यांना हवी असलेली तीच पांढरी कुत्री. एका पिंजऱ्यात बायची आई होती. पोट पुन्हा भरलेलं होतं.

तो माणूस वाईट बोलला नाही, हेच मला जास्त झोंबलं. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या.

"टेन्शन नका घेऊ, आंटी," तो बाईंना म्हणाला. "पीस खराब निघाला ना? दुसरा घेऊन जा. ह्याच्यातला आवडेल तो उचला."

पशुवैद्य मुलीने त्याला समजावलं. ह्या आईची पिल्लं घेऊ नका, हिचा आणि त्या बापाचा जोड लावू नका, पिल्लांत हा दोष येतो आहे.

"येतो म्हणजे काय, कधी कधी येतो," तो म्हणाला. "तुमच्या पीसचा भाऊ पण असाच होता. फुलपाड्याच्या पार्टीला दिला होता. लाळ गाळायचा, भिंतीला डोकं लावायचा. मग डॉक्टर बोलले पागल झाला, सुई दिली. त्यांना पण मी दुसरा दिला ना."

"कोणत्या डॉक्टरने?" मी विचारलं.

त्याने सांगितलं. तोच.

एकाच आईची दोन पिल्लं एकाच माणसासमोर आली. दोघांना तेच होत होतं. एकाला त्याने मारलं आणि दुसऱ्याला मारायला सांगितलं, आणि मधल्या काळात त्याच्या डोक्यात एक प्रश्नसुद्धा उठला नाही. मी तिथून उठले ती रिक्षा करून सरळ त्याच्या दवाखान्यात गेले. बाई आणि ती मुलगी मागे धावत आल्या. मी त्याच्या टेबलावर सोनोग्राफीची चित्रं ठेवली आणि तो नसलेला भाऊ, ही जिवंत बहीण, सगळं सांगितलं.

त्याने चित्रं उलटीसुलटी पाहिली. मग म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे मशीन आहे. माझ्याकडे थर्मामीटर आहे. इथे माणसांना सोनोग्राफी मिळताना मारामार, कुत्र्याची कोण करणार? कुणाला चावली असती तर जबाबदार मी."

"लघवी बघायला मशीन लागत नाही," पशुवैद्य मुलगी माझ्या मागून म्हणाली. तिचा आवाज माझ्यापेक्षा शांत होता आणि म्हणूनच त्याला लागला. "बशी लागते. आणि सात महिने झालेत म्हटल्यावर पिसाळलेली नाही, हे कळायला काहीच लागत नाही, सर."

तो लाल झाला. आम्हाला बाहेर जायला सांगितलं. त्याचं चुकलं असं तो कधी म्हणाला नाही. तो म्हणाला ते सगळं खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. मशीन नव्हतं हे खरंच होतं. पण नसलेल्या मशीनच्या आड तो इतका आरामात बसला होता की मला त्याची कीव येऊ शकली नाही. आजही येत नाही. फुलपाड्यातल्या त्या घरी कुणीतरी ते पिल्लू मांडीवर घेऊन त्याच्याकडे गेलं असेल, आणि पिसाळलेलं म्हणून स्वतःही चौदा सुयांच्या धास्तीत राहिलं असेल. त्यांना जाऊन खरं सांगावं की नाही, यावर माझं आणि बाईंचं बोलणं झालं. बाई नको म्हणाल्या. "आता सांगून त्यांच्या हाती काय देणार आहेस?" त्यांचं बरोबर होतं, पण मला ते पटायला जड गेलं.

त्यानंतर बाईंनी जे केलं त्यावरून मी त्यांच्यावरच चिडले. त्या एकट्या चंदनसारला गेल्या आणि त्या माणसाने सांगितलं तेवढं देऊन बायची आई घरी घेऊन आल्या. पिल्लं झाली, त्यातलं एक जगलं नाही, बाकीची पशुवैद्य मुलीने तपासून ओळखीच्या घरी दिली. मग तिने त्या आईचं पुन्हा पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन केलं.

मी वाडीवर गेले आणि बाईंसमोर बोलू नये ते बोलले. "तुम्ही त्याला बक्षीस दिलंत, बाई. त्याच पैशांत तो दुसरी आणेल. बाप तर त्याच्याकडेच आहे."

बाई ओटीवर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होत्या. "आणली त्याने," त्या म्हणाल्या. "मी हिला नेतानाच त्याने मला सांगितलं, आंटी, परत लागली तर या म्हणून."

"मग?"

"मग काय. त्याला थांबवायला माझ्याकडे काही नाही. तुझ्याकडे आहे?"

माझ्याकडे नव्हतं. मी दोन-तीन ठिकाणी तक्रार करायला गेले होते. एका ठिकाणी हसले, एका ठिकाणी म्हणाले की हे आमच्याकडे येत नाही, आणि कुणाकडे येतं ते त्यांना माहीत नव्हतं.

"तुझा राग खरा आहे," बाई म्हणाल्या. "मलाही येतो. पण ती पिंजऱ्यात होती, ती मला दिसत होती. रागावून मी घरी आले असते तर ती तिथेच राहिली असती."

आई वाडीत आली तेव्हा तिला मातीवर चालता येत नव्हतं. जन्मभर जाळीवर उभी राहिली होती. ओटीच्या शेवटच्या पायरीवर येऊन थांबायची आणि खाली बघत थरथरायची. तिची लेक मात्र केळीतून बावखलापर्यंत, म्हणजे वाडीतल्या तळ्यापर्यंत, पळत जाऊन चिखलाचे पाय घेऊन परत यायची. काही महिन्यांनी मी लेकीची सोनोग्राफी पुन्हा केली, ह्या वेळी भागीदारांना सांगून. यकृताची शीर भरली होती. यकृत वाढलं होतं. बांधलेल्या शिरेतून एक बारीक धार अजून जात होती, पण तेवढी तिला चालत होती.

त्याच दिवशी मी आईचीही सोनोग्राफी केली. मला तिच्यात काहीतरी सापडायला हवं होतं. काहीतरी छापून त्या माणसाच्या तोंडावर मारता आलं असतं असं काहीतरी. मी फासळ्यांमधून पाहिलं, तिन्ही गोल सारखे होते. महाशिरेच्या कडेने कितीदा तरी मागेपुढे गेले. सलग निळा रंग. पशुवैद्य मुलगी म्हणाली, "मॅडम, नाही दिसणार. आईबाप धडधाकट असतात. दोष रक्तात पुढे जातो, शिरेत दिसत नाही."

हे मी मूर्खासारखं त्या चंदनसारच्या माणसाला सांगितलं, रस्त्यात भेटला तेव्हा. बापाला तरी आता बंद करा, म्हणून. तो भाजीची पिशवी सावरत हसला. "बघा मॅडम, तुमच्या मशीनमध्ये पण नाय आला ना फॉल्ट. मग माल चांगलाच आहे की."

देण्यासारखं उत्तर माझ्याकडे होतं, सगळं होतं, पानंच्या पानं होती. ती ऐकायची त्याला गरज नव्हती. तो स्टेशनच्या दिशेने निघून गेला आणि मी भर उन्हात हातातली किल्ली आवळत उभी राहिले. नंतर पाहिलं तर तळहातावर तिचे दात उमटले होते.